स्नॅग, टेक लॉग आणि 'कागदपत्रं पूर्ण करतोय' ही घोषणा

द्राक्षवेल

मागच्या आठवड्यात ओझरहून दिल्लीला निघाले होते. सगळे बसून झाले, बॅगा वर गेल्या, दार लागायची वाट बघतोय, तेवढ्यात कॅप्टनची घोषणा: किरकोळ तांत्रिक अडचण होती, ती दूर झाली आहे, आता फक्त कागदपत्रं पूर्ण करतोय. त्यानंतर बराच वेळ सामसूम. एक जॅकेटवाला माणूस शिडी चढून कॉकपिटमध्ये गेला, खाली उतरला, परत वर आला. काखेत जाडजूड वही. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "काम पाच मिनिटांचं आणि सह्या तासाच्या. यापेक्षा तलाठी ऑफिस बरं."

मला राग नाही आला, कुतूहल वाटलं. त्या वहीत एवढं काय लिहितात? 'दूर झाली' म्हणजे दुरुस्त झाली की पुढे ढकलली? आणि विमान कधी बिघाडासकट उडतं का? इथे एचएएलवाले (ओझरचा विमान कारखाना) आणि एअरलाइनवाले बरेच नाशिककर आहेत, म्हणून धागा काढतेय. सोप्या मराठीत सांगा प्लीज.

मिसळप्रेमी

काकांना +१. पंचवटी एक्स्प्रेसने जा, वहीबिही काही भानगड नाही.

द्राक्षवेल

पंचवटी दिल्लीला जात नाही हो.

रात्रपाळी

मी एएमई आहे, म्हणजे विमानांचा परवानाधारक मेंटेनन्स इंजिनियर. मूळचा सिडकोतला, सध्या मुंबईत लाइनवर. नाव अर्थातच देणार नाही.

ती वही म्हणजे टेक लॉग. प्रत्येक फेरीला तिचं एक पान. इंधन किती होतं, इंजिन ऑइल किती घातलं, कुठून कुठे गेलं, आणि वैमानिकाला काही खटकलं का. खटकलं असेल तर तो स्नॅग म्हणून लिहितो. काहीच नसेल तर 'निल' लिहून सही करतो. रकाना कोरा सोडायचा नाही, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ 'काही नव्हतं' असाही होतो आणि 'लिहायचं राहिलं' असाही.

स्नॅग एकदा वहीत चढला की त्याच्यासमोर इंजिनियरची सही पडेपर्यंत विमान हलत नाही. मग कॅप्टन कितीही घाईत असो, मागे कुणीही बसलेलं असो. आणि सही करायला उत्तरं दोनच.

पहिलं, दुरुस्त केलं. नुसतं तसं लिहून भागत नाही. मेंटेनन्स मॅन्युअलच्या कुठल्या टास्कप्रमाणे केलं, काढलेल्या पार्टचा सीरियल नंबर काय, बसवलेल्याचा काय, नव्या पार्टचं रिलीज सर्टिफिकेट कुठलं, नंतर कुठली टेस्ट घेतली आणि ती पास झाली का. खाली तारीख, वेळ, स्टेशन, परवाना क्रमांक. चुकलं तर एक सरळ रेघ मारून शेजारी आद्याक्षरं. व्हाइटनर लावलेलं पान ऑडिटमध्ये सापडलं तर त्या माणसाची धडगत नाही.

दुसरं, डेफर केलं, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलली. 'दूर झाली' या शब्दांत हेही येतं, घोषणेत एवढी फोड कुणी करत नाही. पण डेफर करायला आपल्या मनाचा कारभार चालत नाही. त्यासाठी एमईएल असते, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. विमानाच्या त्या मॉडेलची एक मूळ यादी असते, तिच्यावरून प्रत्येक एअरलाइन स्वतःची बनवते. ती मूळ यादीपेक्षा कडक चालते, सैल चालत नाही, आणि आपल्याकडे तिला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मंजुरी लागते. कुठली वस्तू बंद असताना, कुठल्या अटींवर, किती दिवस उडता येईल ते त्यात लिहिलेलं असतं. उड्डाणयोग्यतेशी संबंध असलेली एखादी वस्तू यादीत नसेलच, तर ती चालूच हवी. पंखाला एमईएल नसते.

मुदतीचे चार वर्ग. बी म्हणजे ३ दिवस, सी म्हणजे १०, डी म्हणजे १२०. ए वर्गाला सरसकट मुदत नाही, त्या-त्या नोंदीपुढे दिलेली असेल ती. बिघाड सापडला तो दिवस धरत नाहीत. १० तारखेला सकाळी सापडलेला बी वर्गाचा स्नॅग १३ तारीख संपेपर्यंत चालतो. त्यानंतर विमान उभं.

एक उदाहरण देतो म्हणजे 'ढकललं' हा शब्द किती हलका आहे ते कळेल. विमान उतरल्यावर इंजिनाजवळून जो जोरात आवाज येतो तो थ्रस्ट रिव्हर्सरचा. एका बाजूचा बिघडला तर बहुतेक विमानांत एमईएल परवानगी देते. पण आम्हाला काउलिंग, म्हणजे इंजिनाचं आवरण, उघडून तो पिना घालून यांत्रिकपणे बंद करावा लागतो, म्हणजे हवेत चुकूनही उघडणार नाही. कॉकपिटमध्ये लिव्हरपाशी 'इनऑप'चं स्टिकर लावायचं. वहीत आणि डेफर्ड डिफेक्टच्या यादीत नोंद करायची. मग वैमानिकांनी तो रिव्हर्सर नाही असं धरून उतरण्याचं गणित पुन्हा करायचं, विशेषतः धावपट्टी ओली असेल तर. वेदर रडारचंही असंच. आकाश निरभ्र असेल तर ते बंद असताना जाता येतं, वाटेत वादळी ढगांचा अंदाज असेल तर नाही. म्हणजे जानेवारीत जी सवलत मिळते ती जुलैत मिळेलच असं नाही.

आता तुमचे पाऊण-एक तास कुठे गेले? मॅन्युअल उघडून टास्क शोधणं, मेंटेनन्स कंट्रोलला फोन, टेस्ट, स्टिकर, नोंद, कॅप्टनने ती वाचून मान्य करणं. ओझरसारख्या ठिकाणी हाताशी एकच इंजिनियर असतो, कधी तर तो विमानातूनच आलेला असतो. जॅकेटवाला खालीवर का करत होता ते यावरून लक्षात येईल.

अजून एक. कागदी वहीच्या पानाला कार्बन कॉप्या असतात, आणि उड्डाणाआधी एक प्रत खाली काढून ठेवतात. विमानाचं काही बरंवाईट झालं तर वही त्याच्यासोबत जाते. शेवटची नोंद मात्र जमिनीवर उरते.

द्राक्षवेल

बापरे. शेवटचा परिच्छेद वाचून पोटात गोळाच आला. पण मनापासून आभार दादा, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही.

पंचवटीकर

माझ्या सीटचं पाठीमागे कलणं बंद होतं. ते पण टेक लॉगमध्ये?

रात्रपाळी

नाही, ते केबिन लॉगमध्ये. सीट, कॉफी मेकर, वाचायचा दिवा वगैरे. पण आणीबाणीच्या दाराजवळच्या सीटची पाठ सरळ उभी राहत नसेल, लाइफ जॅकेट कमी असेल, जमिनीलगतचे दिवे लागत नसतील, तर तो मामला टेक लॉगमध्ये जातो.

उजवी_सीट

मी वैमानिक आहे, फर्स्ट ऑफिसर. रात्रपाळीसाहेबांनी इंजिनियरची बाजू मांडली, मी आमची सांगतो, आणि ती फारशी कौतुकाची नाही.

सगळा खेळ आम्ही लिहिलेल्या दोन ओळींवर असतो. विमान हवेत असताना काय झालं ते फक्त आम्ही पाहिलेलं. रात्री अडीच वाजता टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस आमची ओळ वाचूनच कुठलं पॅनल उघडायचं ते ठरवतो.

२८ ऑक्टोबर २०१८. लायन एअरचं ७३७ मॅक्स, बाली ते जकार्ता. डावीकडचा अँगल ऑफ अटॅक सेन्सर (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा) नुकताच बदललेला, आणि बसवलेला सेन्सर चुकीचा कोन दाखवणारा. उड्डाण होताच कॅप्टनची स्टिक शेकर (विमान हवेत तोल सोडणार असा इशारा द्यायला दांडा हलवणारी यंत्रणा) थरथरायला लागली, विमान आपोआप नाक खाली ढकलायला लागलं. त्यांनी ट्रिमचे, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या मोटरचे, कटआउट स्विच बंद केले, उरलेला प्रवास हाताने ट्रिम करत जकार्ता गाठलं. आणि वहीत काय लिहिलं? वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, फील डिफरन्शियल प्रेशरचा दिवा लागला. स्टिक शेकरचा उल्लेख नाही. ट्रिम बंद करावा लागला याचा उल्लेख नाही.

जकार्तातल्या इंजिनियरने वाचलं त्याप्रमाणे काम केलं. वेग आणि उंची मोजणाऱ्या पिटो-स्टॅटिकच्या नळ्या फ्लश केल्या, कनेक्टर साफ केला, जमिनीवर टेस्ट घेतली, पास. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या क्रूने उडवलं आणि समुद्रात गेलं. १८९ माणसं. मूळ दोष विमानाच्या रचनेत होता, नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या एमकॅस प्रणालीत, त्यात वाद नाही. पण ती अपूर्ण नोंद इंडोनेशियाच्या तपास अहवालात कारणांच्या साखळीत आहे. आदल्या रात्रीच्या क्रूला जे कळलं होतं ते पुढच्या क्रूपर्यंत आणि इंजिनियरपर्यंत पोचायची ती एकच वाट होती.

सातपूर_एमआयडीसी

क्वालिटीत आहे, विमानाशी संबंध नाही, पण हा प्रकार रोज बघतो. आडगाव नाक्याला मामाचं ट्रकचं गॅरेज आहे. ड्रायव्हर येतो, "गाडी ओढत नाही" म्हणतो आणि चहाला जातो. चढाला ओढत नाही की सपाटीला, गरम झाल्यावर की सकाळपासून, हे विचारायला मामाला टपरीपर्यंत जावं लागतं.

पण एक प्रामाणिक शंका. आमच्याकडेही ब्रेकडाउन रजिस्टर आहे, ऑडिटच्या आदल्या रात्री ते सुंदर अक्षरात भरलं जातं. एवढ्या सह्या, एवढे रकाने, त्यात खरं काम किती आणि कागदी घोडे किती? शिक्का मारायची सवय लागली की माणूस वाचायचं सोडतो असा माझा अनुभव.

उजवी_सीट

साहेब, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्यात एक उघड गुपित आहे: स्नॅग 'घरी आल्यावर' लिहिणे. दिवसात चार फेऱ्या असतात. दुसऱ्या फेरीत काहीतरी जाणवतं, पण लहान स्टेशनवर लिहिलं तर तिथे इंजिनियर नाही, पार्ट नाही, विमान अडकणार, दीडशे लोक ओरडणार. मग रात्री बेसला पोचल्यावर तो स्नॅग अचानक 'याच फेरीत' उगवतो. सगळे असं करत नाहीत, पण कुठल्याही एअरलाइनच्या नोंदी काढून बघा, शेवटच्या फेरीत स्नॅग जास्त का असतात याचं दुसरं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

रात्रपाळी

हे वैमानिकाने स्वतः लिहिलं ते बरं झालं, मी लिहिलं असतं तर भांडण लागलं असतं. आता आमच्या बाजूचंही लिहितो.

आमचं पाप म्हणजे 'ग्राउंड चेक केला, समाधानकारक, निरीक्षणाखाली ठेवा'. कधी ते खरंच योग्य असतं. पॉवर बंद करून चालू केली, बाइट टेस्ट (यंत्रणेने स्वतःचीच घेतलेली चाचणी) घेतली, दोष दिसत नाही, मॅन्युअलही रिसेट करा म्हणतं. पण तोच स्नॅग चौथ्यांदा आला आणि चौथ्या माणसानेही तेच वाक्य लिहिलं, तर तो कागदी घोडाच. प्रत्येकाची सही स्वतंत्रपणे बरोबर, आणि सगळ्या मिळून चूक.

एअरएशियाचं क्यूझेड ८५०१ आठवतं का? २८ डिसेंबर २०१४, सुराबाया ते सिंगापूर, ए३२०, १६२ माणसं. रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेचा बिघाड त्या विमानात वर्षभरात २३ वेळा नोंदला गेला होता. मूळ कारण सर्किट बोर्डवरचा तडकलेला सोल्डर, म्हणजे जोड कधी लागतो, कधी सुटतो. जमिनीवर टेस्ट घ्या, पास होणार. त्या दिवशी हवेत इशारा पुन्हा पुन्हा येत राहिला, शेवटी सर्किट ब्रेकर ओढून रिसेट करायचा प्रयत्न झाला, ऑटोपायलट सुटला आणि पुढे क्रूला विमान सावरता आलं नाही. नोंदी सगळ्या होत्या. त्या एका ओळीत मांडून बघायचं काम व्हायला हवं होतं.

म्हणून आता रिपीट स्नॅगवर वेगळी नजर ठेवतात. एटीए चॅप्टर, म्हणजे विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला दिलेला ठरावीक आकडा, त्याचा उपयोग इथेच होतो. २१ म्हणजे एअर कंडिशनिंग आणि प्रेशरायझेशन, २७ फ्लाइट कंट्रोल, ३२ लँडिंग गिअर, ४९ एपीयू, म्हणजे छोटं सहायक इंजिन. बोइंग असो, एअरबस असो, एटीआर असो, आकडे तेच. स्नॅगला योग्य चॅप्टर लावला की ऑफिसात बसलेल्या माणसाला त्या विमानाचे २७ चे सगळे स्नॅग एका यादीत दिसतात. चुकीचा लावला की तो स्नॅग दुसऱ्याच गर्दीत हरवतो. सातपूरवाल्या साहेबांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की रजिस्टर भरणारे भरपूर आहेत, मागची पानं उलटणारे कमी पडतात.

मिसळप्रेमी

चेष्टा मागे घेत नाही पण धागा वाचतोय. दाराचं झाकण उडालं होतं त्या विमानाचं काय? त्याची पण वही होती ना?

उजवी_सीट

अलास्का एअरलाइन्स, ५ जानेवारी २०२४, ७३७ मॅक्स ९. ते झाकण म्हणजे न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेला डोअर प्लग. कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला तो उघडला, आणि उघडल्याची नोंदच केली नाही. नोंद नाही, म्हणून 'परत बसवून तपासला' ही सहीही कुणाकडून मागितली गेली नाही. त्याला धरून ठेवणारे चारही बोल्ट न लावता विमान बाहेर पडलं. नशीब, त्या खिडकीलगतच्या सीट रिकाम्या होत्या.

त्याच विमानात आधी तीनदा प्रेशरायझेशनचा दिवा लागला होता. तो नोंदवला गेला होता, आणि म्हणून एअरलाइनने ते विमान समुद्रावरच्या लांब मार्गावर पाठवणं बंद केलं होतं. तो दिवा आणि तो प्लग यांचा संबंध जोडता आला नाही, पण दोन नोंदींतला फरक बघा. एक लिहिलेली होती, तिच्यावर काहीतरी निर्णय झाला. दुसरी लिहिलीच नव्हती.

ओझरचे_आजोबा

मंडळी, मी एचएएलमधून निवृत्त होऊन बराच काळ लोटला. मिग-२१ च्या ओव्हरहॉलवर होतो. ती विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने निरोप देऊन उभी केली, तेव्हा टीव्हीसमोरून उठलो नाही. ते असो.

आमच्याकडे एअरलाइनसारखी घाई नव्हती, पण कागद होतेच. हवाई दलात विमानाची वही म्हणजे फॉर्म ७००. वैमानिक ती वाचून सही केल्याशिवाय शिडी चढत नाही. कारखान्यात प्रत्येक टप्प्याचं कार्ड, त्यावर काम करणाऱ्याची सही वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली की कुणी घरी जायचं नाही. एकदा एक छोटा स्क्रू ड्रायव्हर सापडेना, बस निघून गेली, टाउनशिपपर्यंत सगळे चालत गेलो. सापडला एकाच्या खिशात. त्याला चहाचा खर्च पडला.

तुम्ही सगळे वैमानिक आणि इंजिनियर यांच्यामधली नोंद सांगताय. मी सांगतो दोन पाळ्यांमधली. अमेरिकेत ११ सप्टेंबर १९९१ ला एक लहान प्रवासी विमान टेक्सासमध्ये हवेत मोडलं, सगळे १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखावरचे बर्फरोधक रबरी बूट बदलायचं काम निघालं होतं. एका पाळीने डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले. पाळी बदलली. काढल्याची नोंद झाली नाही, पुढच्या पाळीने उजव्या बाजूचं काम पुरं करून विमान बाहेर काढलं. वरचे स्क्रू जमिनीवरून दिसत नाहीत.

अर्धवट काम तोंडी सांगून घरी जाणारा माणूस मला कायम धोकादायक वाटत आला. आता ओझरला एअरबस ए३२० च्या देखभालीचं केंद्र उभं करायचा एचएएलचा करार २०२४ मध्ये झाला आहे, तेजसची लाइनही सुरू झाली. आपल्याकडची बरीच पोरं या कामात येतील. त्यांना कुणीतरी पाना धरायला शिकवतानाच पेन धरायलाही शिकवा.

पंचवटीकर

आजोबा _/\_ अजून लिहा.

बी१_होणार

सगळ्यांना नमस्कार. एएमईचा अभ्यास करतोय, बी१ ला, म्हणजे इंजिन आणि यांत्रिक कामाच्या परवान्याला, बसणार आहे. आमच्याकडे मॉड्यूल पाठ करून घेतात पण नोंद लिहायला कुणी बसवत नाही. रात्रपाळी सर, एक सराव लिहिला आहे, तपासाल का? खऱ्या नोंदी इंग्रजीत असतात ते माहीत आहे, धाग्यासाठी मराठीत लिहितो. पॅक म्हणजे केबिनला थंड हवा पुरवणारं युनिट.

वैमानिकाची नोंद: "एसी खराब आहे. पॅक २ चा व्हॉल्व्ह बदला."
इंजिनियरची नोंद: "पॅक २ तपासला. ठीक आहे."

रात्रपाळी

सर नको, दादा म्हण. दोन्ही नोंदी नापास, पण मुद्दाम अशा लिहिल्या असशील तर हुशार आहेस.

वैमानिकाने व्हॉल्व्ह बदला असं सांगायचंच नाही. त्याने जे पाहिलं ते सांगावं. कधी, किती उंचीवर, कुठला इशारा, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं, आणि काय व्यवस्थित चालू होतं. हे शेवटचं सगळे विसरतात. पॅक १ ठीक होता हे कळलं तर माझा अर्धा तास वाचतो.

तुझ्या 'ठीक आहे'चं काय करू? कुठल्या टेस्टने ठीक? टास्क नंबर काय? फॉल्ट मेमरीत काय सापडलं? उद्या हाच स्नॅग परत आला तर मला तू काय केलंस ते कळायला हवं, तुझं मत कळून उपयोग नाही. पुन्हा लिही.

बी१_होणार

वैमानिक: "चढताना सुमारे १२,००० फुटांवर पॅक २ ओव्हरहीटचा इशारा. चेकलिस्टप्रमाणे पॅक २ बंद केला. इशारा गेल्यावर पुन्हा चालू केला, १० मिनिटांनी तोच इशारा परत. उतरेपर्यंत पॅक २ बंद ठेवला. पॅक १ आणि केबिन प्रेशर संपूर्ण प्रवासात व्यवस्थित."

इंजिनियर: "पॅक २ ची बाइट टेस्ट मॅन्युअलच्या टास्क अमुकप्रमाणे घेतली, टेम्परेचर सेन्सरचा फॉल्ट सापडला. सेन्सर उपलब्ध नाही. पॅक २ एमईएल अमुकप्रमाणे डेफर, वर्ग सी, मुदत अमुक तारखेपर्यंत. पॅक २ चा स्विच बंद, स्टिकर लावलं. उंचीच्या मर्यादेबद्दल क्रूला कळवलं. सेन्सरची मागणी क्रमांक अमुक."

उजवी_सीट

मी हे विमान घेईन.

रात्रपाळी

मीही सोडेन, पण आधी स्टेशन आणि वेळ टाक. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनला काम केलंस तर तारीख आदल्या दिवसाची पडते, आणि मुदतीचे दिवस मोजताना नवी पोरं हमखास तिथेच घसरतात.